परतीच्या वाटेचा हक्क

जे एकदा पुढे गेले ते मागे फिरू शकते काय, आणि फिरलेच तर जेथून निघाले तेथेच पोहोचते काय, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार प्राचीन काळापासून विचारला आहे. ब्रह्मसूत्रांचे अखेरचे सूत्र मुक्त जीवाच्या अनावृत्तीविषयी, म्हणजे पुन्हा न परतण्याविषयी, आहे. आणि 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन स्थविर यवन राजाला समजावतात की, रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत व शेवटच्या प्रहरातील ज्योत या एकही नव्हेत आणि सर्वस्वी भिन्नही नव्हेत. तोच प्रश्न आज नागपुरात, सीताबर्डीवरील मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांतून, वेगळ्या वेषात उभा राहतो.

चार-पाच वर्षे इमानाने चाललेला फोन कार्यप्रणालीची नवी आवृत्ती स्वीकारताच जड होतो, वारंवार हँग होतो, दुपारीच बॅटरी संपवितो, मग त्याचा धनी तो काउंटरवर ठेवून म्हणतो, "भाऊ, यात पहिलेवालं सॉफ्टवेअर मारून द्या ना." कारागीर मॉडेल क्रमांक पाहतो, "डाटा पूर्ण उडेल, बॅकअप घेतला ना?" असे विचारून घेतो, केबलने फोन संगणकास जोडतो आणि बूटलोडरचे, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या आज्ञावलीचे, कुलूप उघडावयास जातो, तेव्हा पडद्यावर सर्व माहिती नष्ट होईल अशी सूचना उमटते व तिला रुकार दिल्यावाचून पुढची पायरी मिळत नाही. काही वेळाने फोन सुरू होतो तो खरेदीच्या दिवशीच्या मुद्रेने. भाषा कोणती ठेवू, खाते कोणाचे, असे पहिल्या भेटीचे प्रश्न आपल्या जुन्या धन्यालाच विचारीत.

नागसेनांचे उत्तर येथे प्रत्ययास येते. काचेवरचे ओरखडे तसेच असतात, बॅटरीची रासायनिक झीज भरून येत नाही, प्रणाली मात्र जुनी असते. हा फोन तोच नव्हे आणि दुसराही नव्हे. आयफोनाच्या बाबतीत तर नव्या आवृत्तीवर असताना घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढवता येत नाही. उत्तरकालीन स्मृती पूर्वावस्थेच्या पात्रात मावत नाही. शिवाय जुन्या आवृत्तीतील सुरक्षेची भगदाडे एव्हाना जगजाहीर झालेली असतात, आणि ती बुजविणारी दुरुस्ती माघारी फिरणारा स्वहस्ते काढून टाकतो. अशा फोनावरून बँकेचे व्यवहार करणे जोखमीचेच. तात्पर्य, प्रत्यावर्तनाने गतकाळ हाती येत नाही. ते एक नवे कर्म आहे आणि त्याचे फळ कर्त्याला भोगावेच लागते.

परंतु परतणे कठीण असणे निराळे आणि परतण्यास मज्जाव असणे निराळे. आयफोनावर कोणतीही आवृत्ती बसविताना निर्मात्याच्या सर्व्हरकडून डिजिटल सही घ्यावी लागते, आणि नवी आवृत्ती निघाल्यावर साधारणतः काही आठवड्यांतच मागील आवृत्तीवर शिक्कामोर्तब करणे बंद होते. त्यानंतर फोन तुमचा, पैसा तुमचा, दस्तऐवजही तुमच्या नावाचा, पण मंजुरी परक्या दरबाराची. अँड्रॉइडमध्येही आवृत्ती मागे नेण्यास अटकाव करणारी योजना आहे, आणि सॅमसंगच्या अनेक फोनांत अनधिकृत सॉफ्टवेअर चढविताच एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळून त्या कृत्याची अमिट नोंद राहते. चोराने जुनी, भेद्य आवृत्ती चढवून कुलूप फोडू नये, हे निर्मात्यांचे कारण खोटे नाही. पण चोराच्या भयाने धन्यालाच देवडीवर अडविणे न्याय्य ठरत नाही.

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, तो अद्ययावतीकरणाने फोन मंदावतात हे न सांगितल्याबद्दल आणि पूर्ववत होण्याचा परिणामकारक उपाय न ठेवल्याबद्दल. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्येही अशाच कारणासाठी अ‍ॅपलला २.५ कोटी युरो भरावे लागले. ग्राहकाला मागील आवृत्तीकडे जाता येत नव्हते, ही बाब तेथील यंत्रणेनेही नमूद केली. ज्याची कल्पना दिली नाही आणि ज्यातून माघार घेता येत नाही, अशा गोष्टीला दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे तत्त्व या निकालांच्या मुळाशी आहे.

याउलट, स्वेच्छेने न परतण्याच्या निर्णयाचा थोर दाखला नागपूरच्याच भूमीवर आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आज दीक्षाभूमी म्हणून वंदिल्या जाणाऱ्या जागी लाखो अनुयायांसह ती सिद्धीस नेली. मधली एकवीस वर्षे अध्ययनाची आणि चिंतनाची होती, आणि मागील वाट कोणती सोडावयाची हे बावीस प्रतिज्ञांतून प्रत्येकाने आपल्या मुखाने उच्चारले. त्या महान घटनेशी यंत्राच्या किरकोळ व्यवहाराची बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र अनावृत्तीला तेज कोठून येते, हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. जाणून, समजून, स्वेच्छेने जो परतीचे दार लावतो तो मुक्त होतो. ज्याच्या पाठीमागे दुसऱ्याने दार लावून घेतले तो कैदी ठरतो. बाहेरून दोघेही पुढेच गेलेले दिसतात, पण मुक्तीची अनावृत्ती आणि बंदिवासाची अनावृत्ती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून नवी आवृत्ती स्वीकारण्यापूर्वी वाचकाने ती आपल्या जुन्या यंत्राला पेलेल काय हे पाहावे, स्मृतींची प्रत वेगळी ठेवावी, आणि मागे फिरावयाचे ठरविले तर त्याचे मोल ओळखून फिरावे. निर्मात्यांनी, ज्या यंत्राला नव्या दुरुस्त्या पुरविणे त्यांनी सोडले, त्याच्या सर्व आवृत्त्यांवरील शिक्का तरी धन्याच्या स्वाधीन करावा. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. त्या चौकटीत परतीचा हक्क स्पष्ट शब्दांत नोंदला गेला पाहिजे, कारण ज्या वस्तूला आपण मागे नेऊ शकत नाही तिचे आपण मालक नसून केवळ वहिवाटदार आहोत.