काचेच्या समुद्रातील भूक

गेल्या नाताळात आम्ही आमच्या भाच्याच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्यात त्याने खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडली आहे आणि तीत एकच मासा पाळला आहे. त्याला लायनफिश म्हणतात. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे अंग, पिसाऱ्यासारखे फुललेले पर आणि पाठीवर विषारी काटे. जेवणे आटोपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आता गंमत बघा." त्याने पिशवीतून आणलेले चार जिवंत गोल्डफिश टाकीत सोडले. खुर्च्या जवळ ओढल्या गेल्या. आम्हीही आमची खुर्ची ओढली, हे कबूल केले पाहिजे.

तीन मासे क्षणार्धात गिळले गेले. चौथा दगडाआड लपला. तेव्हा भाच्याची सहा वर्षांची मुलगी आम्हाला म्हणाली, "आजोबा, त्याला बाहेर काढा ना!" मोठी माणसे हसली. आम्ही काही केले नाही. परतीच्या वाटेवर मात्र ते हसणे आमच्या मनात सलत राहिले.

लायनफिशने मासे खाल्ले, यात पाप कसले? परमेश्वराने त्याला तसेच घडविले आहे. हिंदी महासागरातील प्रवाळांत तो रोज तेच करतो. शिवाय मासळीवाचून ज्यांचा घास उतरत नाही, अशा आपण त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? दोष त्याच्या भुकेत नाही. तो असलाच तर खुर्च्या ओढून बसलेल्यांच्या नजरेत आहे.

1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात या विषयावर मोजकेच पण स्पष्ट विवेचन आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करणे त्यात निषिद्ध मानलेले नाही. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा त्यांचा जीव घेणे हे मानवाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणून पहिला प्रश्न असा, की त्या गोल्डफिशचे मरण आवश्यक होते काय?

जाणकारांचे उत्तर 'नाही' असे आहे. गोल्डफिश हा गोड्या पाण्यातील मासा. सतत त्याच्यावरच पोसलेला समुद्री शिकारी मासा कुपोषित होतो आणि त्याचे यकृत बिघडते. उलट थोडा धीर धरला, तर लायनफिशला मेलेले अन्न खाण्याची सवय लावता येते. कोळंबी, माकूल किंवा समुद्री मासळीचा तुकडा लांब चिमट्यात धरून पाण्यात हलविला की जिवंत भक्ष्य समजून तो त्यावर झडप घालतो. पूर्ण वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोन-तीन वेळा खाऊ घातले तरी पुरते. म्हणजे त्या रात्रीचे चार जीव भुकेसाठी नव्हे, तर आमच्या करमणुकीसाठी गेले.

दुसरा प्रश्न निवाऱ्याचा. दुकानात बोटभर दिसणारा हा मासा फूटभराहून मोठा होतो. त्याला निदान साडेचारशे लिटरची टाकी हवी. त्याच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. हे विष पचविणारे सूक्ष्म जीवाणू टाकीत रुजायला कित्येक आठवडे लागतात. वीज गेली की पंप थांबतो आणि माशाचा श्वास कोंडू लागतो. जलप्रलयापूर्वी परमेश्वराने नोहाला प्राणी तारवात घेण्यास सांगितले, तेवढ्यावरच तो थांबला नाही. त्यांच्यासाठी अन्न साठविण्याचीही आज्ञा त्याने केली. जो दार बंद करतो, त्याच्यावर आतल्यांच्या पोटाची जबाबदारी येते.

मग कंटाळा आल्यावर माशाला समुद्रात सोडून देणे ही दया नव्हे काय? अमेरिकेचे उदाहरण पाहावे. अटलांटिक महासागरात लायनफिश मुळी नव्हताच. 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ तो प्रथम आढळला. हौशी लोकांनी टाक्यांतून सोडलेल्या माशांपासूनच त्याचा तेथे प्रसार झाला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. बहामा बेटांजवळ प्रवाळांच्या लहान पुंजक्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. जेथे लायनफिश होता, तेथे नव्याने येऊन वसणाऱ्या स्थानिक माशांची संख्या पाच आठवड्यांत सरासरी 79 टक्क्यांनी घटली होती. अखेर 2014 साली फ्लोरिडाने जिवंत लायनफिश आणण्यावर बंदी घातली. आपला भार हलका करण्यासाठी केलेली 'दया' साऱ्या समुद्राला भोवली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की शिकारी मासा पाळणे हे पाप नव्हे. पण तो छंद घेण्यापूर्वी त्याच्या अखेरपर्यंतचा हिशेब मनाशी करावा. ते झेपणार नसेल, तर टाकी रिकामी राहिलेली बरी. आणि मुलांना दाखवायचेच असेल, तर मरणाची गंमत दाखवू नये. भुकेल्या जिवाला वेळेवर अन्न देणारा हात दाखवावा.

हे सारे आम्ही भाच्याला पत्राने कळविले. आता तो चिमट्यानेच खाऊ घालतो, असे त्याने उलट कळविले आहे. परंतु त्या चिमुरडीने मदत मागितली होती ती आमच्याकडे, आणि तेव्हा आम्ही गप्प बसलो होतो. पुढच्या भेटीत तिला जवळ बसवून आम्ही प्रथम एवढेच सांगणार आहोत, "बाळ, त्या दिवशी तुझेच बरोबर होते."