'चालेल' की 'आवडेल'?

लग्न ठरले, हॉल मिळाला, पत्रिका छापून झाल्या. मग एका संध्याकाळी फोनवर प्रश्न येतो, "मधुचंद्राला कुठे जायचं?" आणि उत्तर येते, "तू ठरवशील तिथे. मला काहीही चालेल."

ऐकायला किती गोड! त्यात समंजसपणा दिसतो, समर्पण दिसते. पण स्वतःला विचारून पाहा: हे खरोखर प्रेम आहे, की मन उघड करण्याची भीती?

समजा, तो वर्षभर संगणकासमोर बसून थकला आहे. त्याला समुद्राकाठी निवांत राहायचे आहे. तिलाही लग्नाच्या धावपळीनंतर शांत झोप हवी आहे. पण तिने एकदा मैत्रिणीच्या मनालीच्या फोटोंचे कौतुक केले होते, म्हणून तो मनाली सुचवतो. त्याची हौस मोडू नये म्हणून ती म्हणते, "चालेल." डिसेंबरात दिल्लीहून रात्रभर बसचा प्रवास करून दोघे पोहोचतात. मग रोज सकाळी गाडी दारात, रोज नवे ठिकाण, रोज फोटो. परतताना दोघेही थकलेले आणि थोडे उदास. दोघांनीही एकमेकांसाठी त्याग केला, पण तो कुणाच्याच उपयोगी पडला नाही.

त्याग की गप्प बसणे?

आपली इच्छा ओळखणे, ती सांगणे आणि मग आनंदाने बाजूला ठेवणे, हा त्याग. इच्छा दडपून गप्प बसणे हा त्याग नव्हे. दडपलेली इच्छा नाहीशी होत नाही. ती मनातल्या हिशेबाच्या वहीत जाऊन बसते आणि पाच वर्षांनी एखाद्या भांडणात बाहेर येते: "तेव्हाही तुझ्याच मनासारखं झालं होतं!"

ऐकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. 'चालेल' ऐकून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. जरा थांबा आणि विचारा, "चालेल ते ठीक, पण आवडेल काय?" नव्या नात्यात 'नाही' म्हणायला धैर्य लागते. ते धैर्य समोरच्याला देणे हेच प्रेमाचे पहिले काम.

शरीराच्या जवळिकीलाही हेच लागू आहे. लग्न झाले, खोली मिळाली, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. तिथे नुसते 'चालेल' कधीच पुरेसे नसते. एकाचे मन तयार नसेल, तर दुसऱ्याने आनंदाने वाट पाहावी. त्या वाट पाहण्यातून जो विश्वास उभा राहतो, तो आयुष्यभर पुरतो.

बेत कसा आखाल?

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन गोष्टी लिहा: मला सर्वांत जास्त काय हवे आहे, मला काय अजिबात नको आहे आणि कर्ज न काढता आपण किती खर्च करू शकतो. मग कागद बदलून वाचा. मध्ये बोलू नका, आधी पूर्ण वाचा.

आवडी वेगळ्या निघाल्या तर घाबरू नका. एकाला डोंगर हवा, दुसऱ्याला पाणी, तर केरळमध्ये मुन्नारचे चहाचे मळे आणि आलप्पुळाचे बॅकवॉटर एकाच प्रवासात होतात. खर्च जपायचा असेल तर तारकर्लीचा किनाराही सुंदर आहे, फक्त पावसाळा टाळा. कुलदैवताचे दर्शन आणि सत्यनारायणाची पूजा झाल्यावर लगेच बॅगा उचलू नका. एक-दोन दिवस विश्रांती घ्या. आणि प्रवासातला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा: ना गाडी, ना ठिकाण, ना फोटो.

सप्तपदीतले सातवे पाऊल मैत्रीचे मानले जाते. मित्राजवळ आपण आवडनिवड लपवत नाही, आणि त्याची आवड वेगळी म्हणून रुसतही नाही.

मधुचंद्र आठवड्यात संपतो. पण तो ठरवताना तुम्ही एकमेकांचे कसे ऐकले, ती सवय मागे उरते. पुढे घर घेताना, मूल कधी हवे हे ठरवताना, आई-वडिलांच्या आजारपणात तीच सवय कामी येते.

म्हणून आज रात्री जोडीदाराला फक्त एवढेच विचारा, "तुला खरंच काय आवडेल?" आणि उत्तर येईपर्यंत शांत राहा.