सोडलेला मासा आणि 'अनुबंध'



आजचं चिंतन गीतेच्या १८व्या अध्यायातल्या २५व्या श्लोकावर. तामस कर्म कशाला म्हणायचं, ते भगवंत इथे सांगतात. पुढे काय होईल, काय वाया जाईल, कुणाला इजा होईल आणि आपली कुवत किती, या चार गोष्टी न बघता मोहापोटी सुरू केलेलं काम म्हणजे तामस कर्म. या चारांतला पहिला शब्द 'अनुबंध', म्हणजे कर्माच्या मागोमाग बांधून येणारं सगळं. हा शब्द मला नीट उमगला तो माशांच्या एका गोष्टीतून. गोष्ट अमेरिकेतली आहे आणि खरी आहे.

अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन नावाचं धरण आहे. १९६३ मध्ये तिथे पाणी अडवायला सुरुवात झाली. त्याआधी ही नदी गाळाने लालसर असायची, उन्हाळ्यात कोमट व्हायची. धरण झाल्यावर जलाशयाच्या खोल भागातलं पाणी बाहेर पडू लागलं, गार आणि नितळ. असं पाणी रेनबो ट्राउट या माशाला फार मानवतं. हा मासा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा. १९६४ पासून तो इथे मुद्दाम आणून सोडला गेला, गळ टाकणाऱ्यांच्या हौसेसाठी. धरणापासून खाली लीझ फेरीपर्यंतचा सुमारे २४ किमीचा पट्टा आज ट्राउटसाठी प्रसिद्ध आहे. तिथे फक्त कृत्रिम आमिष चालतं आणि गळाला उलटा काटा असलेला चालत नाही. मासा सोडून देताना जखम कमी व्हावी, हा त्यामागचा विचार.

म्हणजे दया आहेच की, असं वाटतं ना? पण थोडं खाली जाऊ.

त्याच नदीत फार पूर्वीपासून हम्पबॅक चब नावाचा, पाठीवर कुबड असलेला मासा राहतो. गार पाण्यात त्याची वीण होत नाही. लीझ फेरीपासून सुमारे १०० किमी खाली लिटल कोलोरॅडो ही उपनदी येऊन मिळते. तिचं पाणी उबदार, म्हणून तिथे तो टिकून राहिला. ट्राउट तिथवर पोचले आणि चबची पिल्लं खाऊ लागले. मग २००३ ते २००६ या काळात सरकारी शास्त्रज्ञांनी त्या संगमाजवळून १९,००० हून जास्त रेनबो ट्राउट काढून मारले.

यावर झुनी या आदिवासी समाजाने आक्षेप घेतला. त्यांच्या श्रद्धेनुसार त्यांचे पूर्वज ग्रँड कॅनियनमधून या जगात आले आणि तिथले जलचर त्यांचे सोयरे आहेत. त्यांच्या मते इतके जीव घाऊक मारणं ही त्या पवित्र जागेची विटंबना होती. पुढे २०१२ च्या आराखड्यात शक्य तिथे ट्राउट जिवंत पकडून हलवायचे, आणि मारावेच लागले तर वाया न घालवता उपयोगात आणायचे, असं ठरलं.

आता सांगा, चबला वाचवायला नको का? हवंच. आणि ट्राउटचं काय चुकलं? काहीच नाही. तो त्याच्या स्वभावाप्रमाणे जगला. त्याला तिथे आणलं माणसाच्या हौसेने आणि जीव गेला त्याचा. मला वाटतं, झुनी लोकांनी अनुबंधावरच बोट ठेवलं. कधीकधी कठोर काम करावंच लागतं. पण ते सहज, हिशेबातली एक ओळ म्हणून केलं, तर ते आणखी तामस होत जातं. ज्याला आपण आणलं, त्याचं शेवटपर्यंतचं ओझंही आपलंच.

हे लांबचं वाटत असेल, तर आपल्या फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीकडे बघूया. मासा मोठा झाला की आपण तो जवळच्या तलावात सोडतो आणि 'मोकळा केला' म्हणून पुण्याचं समाधान मिळवतो. त्या पाण्यात आधीपासून कोण राहतंय, याची चौकशी करतो का? भूतदया एकाच जिवापाशी थांबली की तिची हौस व्हायला वेळ लागत नाही.

आजचा संकल्प छोटासाच: कुठलाही जीव घरी आणण्याआधी किंवा बाहेर सोडण्याआधी ते चार प्रश्न स्वतःला विचारायचे. उत्तर येईपर्यंत हात थांबवायचा.

उद्या पुढचा श्लोक. राम कृष्ण हरी!