पेटी उघडण्याआधी

आजोबा जातात. गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, की घरातल्यांचं लक्ष आजोबांच्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीकडे जातं. वरच असतात सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, जिनिंगला कापूस घातल्याच्या चिठ्ठ्या. त्यात नवल काही नाही. तळाशी मात्र कधी एखादी वही निघते. कडा कुरतडलेल्या, शाई फुटलेली, पानोपानी स्वतः रचलेली भजनं. नातू विचारतो, "बाबा लिहायचे?" त्यांच्याबरोबर अख्खा संसार केलेली आजीही नुसती बघत राहते.

मग आपण म्हणतो, आजोबांनी सांगितलंच नाही कधी. पण आपण तरी विचारलं होतं का?

जळगावच्या बहिणाबाई चौधरींनी काहीच लपवलं नव्हतं. अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर, शेतात काम करता करता त्या गात. ते घरच्यांच्या, शेजारपाजारच्यांच्या कानांवर पडतच होतं. पण रोज ऐकू येणाऱ्याला कविता कोण म्हणणार? नशीब एवढंच, की मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी आणि पितांबर चौधरी या आप्तानं गाणी कागदावर उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी संकोचतच ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तरीही उतरवलं तेवढंच उरलं. बाकीचं जात्याच्या घरघरीत विरून गेलं.

धुळ्याचंही तसंच. १९३२ साली तिथल्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. विनोबांचं बोलणं टिकलं. पण समोर बसून ऐकणाऱ्या सत्याग्रहींचं काय? त्यांतले किती जण घरी परतले आणि पुढे जन्मभर नातवंडांशी पाऊसपाण्यावर आणि बैलजोडीवरच बोलले असतील? विचारणारा भेटला नाही, तर माणूस स्वतःहून कशाला बोलेल?

आजोबा असतात तेव्हा आपण त्यांना विचारतो ते ठरलेलं: जेवलात का, गोळी घेतली का, पेन्शन आली का. ते हो म्हणतात आणि बोलणं तिथंच थांबतं.

आज संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याजवळ थोडं टेका. विचारा, "बाबा, तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा तुम्हाला काय व्हायचं होतं?" आणि ते जे सांगतील, ते त्यांच्याच बोलीत, तारीख घालून लिहून ठेवा.