बेगमी आणि साठेबाजी



मे महिना आला की आपल्या किनाऱ्यावर घरोघरी पावसाची बेगमी सुरू होते. तांदूळ, सुकी मासळी, जळण. यात पाप नाही. योसेफाने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले, म्हणूनच पुढच्या दुष्काळात लोक जगले. मग बेगमी कुठे संपते आणि साठेबाजी कुठे सुरू होते?

१९४२ साली हा प्रश्न आपल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, दारात येऊन उभा राहिला. मार्चमध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ भारतात येणे थांबले. त्याच महिन्यात जावा बेट पडले. जगातले बहुतेक क्विनाइन तिथल्या सिंकोनाच्या सालीपासून होत असे. युद्ध दूर होते, पण भातावर जगणाऱ्या कोकणाला आणि हिवतापाने कुडकुडणाऱ्या माणसाला ते दूर राहिले नाही. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशन सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये पडलेल्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे गेली. सरकारचे धोरण चुकले, व्यापाऱ्यांनी माल अडवला, आणि जो तांदूळ होता तोही गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला.

व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे. अवघड प्रश्न आपल्यासारख्या घराचा आहे. समजा, फडताळात क्विनाइनच्या चार गोळ्या आहेत. आपल्या मुलाला ताप कदाचित उद्या येईल. शेजारच्या मुलाला तो आज आला आहे. काय करावे?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, आपल्या गरजेपेक्षा अधिक जे आहे ते गरिबाचे हक्काचे देणे आहे. पण गरज किती, हे कोण ठरवणार? दार लावून एकट्याने ठरवू लागलो की भीती माप वाढवतच जाते. चार गोळ्याही मग अपुऱ्या वाटतात.

जुन्या करारात, राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात, शोमरोन नगराला वेढा पडल्याची हकीकत आहे. गाढवाचे डोकेसुद्धा ८० शेकेल चांदीला विकले जात होते. वेशीबाहेरच्या चार कुष्ठरोग्यांना शत्रूची छावणी रिकामी सापडली. ते पोटभर जेवले, मग सोने-रुपे नेऊन लपवू लागले. ते काही संत नव्हते. पण लपवता लपवता ते एकमेकांशी बोलले, आणि आपण करतो ते बरे नाही हे त्यांच्या ध्यानात आले. ज्या नगराने त्यांना बाहेर ठेवले होते, त्यालाच त्यांनी बातमी दिली.

बेगमी आणि साठेबाजी यांतला फरक केवळ पायलीने मोजता येत नाही. बेगमी शेजाऱ्याला सांगता येते. साठेबाजी लपवावी लागते.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदी होतीच, त्यात छपरे उडाली, वीज गेली. त्या दिवसांत कोणी ताडपत्री चढ्या भावाने विकली, आणि कोणी आपल्या चुलीवर दोन घरांचा भात शिजवला. आपण कोणत्या बाजूला होतो, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे.

यंदा बेगमी भरताना शेजारी कोणाला रोजचे औषध लागते, कोणाची कणगी रिकामी आहे, एवढे विचारून ठेवू या. प्रभूने आपल्याला ‘माझी’ नव्हे, ‘आमची’ भाकर मागायला शिकवले आहे.

आपले धर्मगुरू