ओक्लाहोमाचा वारा आणि विक्रमाचा आकडा

मी: मैदानी हंगाम सुरू होतो न होतो तोच एप्रिलमध्ये थाळीफेकीचा विश्वविक्रम होतो. 14 एप्रिल 2024 ला लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या रमोना गावी 74.35 मीटर फेक केली. पूर्व जर्मनीच्या यूर्गेन शुल्टचा 1986 पासूनचा 74.08 चा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी 13 एप्रिलला त्याच मैदानावर 75.56. उघडा माळ, वाहता वारा, आणि त्या वाऱ्यासाठीच थाळीफेकपटू तिथं जमतात. हा विक्रम मान्य करणं मला जड जातं.

भाची: का, मामा? कुणी नियम मोडला का?

मी: इथं नियमच नाही, हेच माझं दुखणं. लांब उडीत पाठचा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असला तर विक्रम धरत नाहीत. 1991 मध्ये टोकियोत कार्ल लुईसनं 8.91 मीटर उडी मारली, बॉब बीमनच्या 8.90 च्या पुढे. पण वारा 2.9 होता, विक्रम झाला नाही. त्याच संध्याकाळी माइक पॉवेलनं 0.3 च्या वाऱ्यात 8.95 मारली, ती आजवर टिकून आहे. लुईसला एक न्याय आणि अलेक्नाला दुसरा, असं का?

भाची: पाठचा वारा धावणाऱ्याला नुसता ढकलतो. थाळीला समोरचा वारा लागतो आणि तो फुकट मदत करत नाही. थाळी योग्य कोनात गेली तर तो तिला खालून उचलून धरतो. तोंड जरा वर झालं की तोच तिला अडवतो आणि ती अलीकडेच पडते. वारा तिथं सगळ्यांना होता. सगळ्यांनी विक्रम केला का?

मी: सगळ्यांनी नाही. पण 2025 मध्ये त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू डेनीनं 74.78 फेक केली. अलेक्नाच्या आदल्या वर्षीच्या विश्वविक्रमाहून पुढे, आणि तरी दुसरा. यात मैदानाचा वाटा नाही म्हणतेस?

भाची: आहे ना. शेतकरीही उफणणीला वाऱ्याची वाट बघतो. म्हणून धान्य वाऱ्याचं होतं का?

मी: तो आपल्या खळ्यावरचं धान्य शेजारच्या गावच्या धान्याशी स्पर्धेला लावत नाही. विक्रम म्हणजे मात्र तुलनाच. 1986 ची पूर्व जर्मनी आणि 2025 चं ओक्लाहोमा एका रांगेत उभं करायचं, तर जमीन थोडी तरी सारखी हवी.

भाची: मग बीमनचं काय करशील? त्याची उडी मेक्सिको सिटीतली, समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटर उंच. हवा विरळ, आणि वारा बरोबर 2.0. ती उडी तू डोक्यावर घेतोस. उंची चालते, वारा चालत नाही?

मी: उंची सगळ्यांना ठाऊक असते. वाचणारा मनात वजावट करू शकतो.

भाची: म्हणजे तुझी तक्रार मदतीबद्दल नाहीच. मदतीची नोंद होत नाही, याबद्दल आहे.

मी: असंच समज. मग नोंद करावी.

भाची: कुठं करणार? वर्तुळाजवळ? थाळी 70-75 मीटर जाते, उंचावरून जाते, मध्येच झुळूक वळते. एका जागी लावलेलं यंत्र थाळीला काय लागलं ते सांगणार नाही.

मी: कोऱ्या रकान्यापेक्षा अपुरा आकडा बरा.

भाची: आणि त्या अपुऱ्या आकड्यावर कुणाची तरी फेक बाद करणार?

मी: बाद करू नका. फेकीशेजारी छापा, एवढंच.

भाची: छापा. पण मग पूर्व जर्मनीतल्या आकड्यांशेजारी काय छापायचं? तिथली सरकारी यंत्रणा खेळाडूंना उत्तेजकं देत होती, हे नंतर कागदपत्रांनिशी उघड झालं. मी एकट्या शुल्टवर बोट ठेवत नाही. पण त्या काळाचे आकडे तू निमूट वाचलेस, आणि उघड्यावरच्या वाऱ्याशी मात्र भांडतोस.

मी: याला माझ्याकडे उत्तर नाही. पण विक्रम राहू दे. मला त्याहून जास्त बोचतं ते प्रवेशाचं. पॅरिस ऑलिंपिकसाठी पुरुष थाळीफेकीत थेट प्रवेशाचा निकष 67.20 मीटर होता. ज्याला ओक्लाहोमाचं तिकीट परवडतं, त्याला ते अंतर गाठणं सोपं. ज्याला परवडत नाही, त्यानं काय करायचं?

भाची: वारा पदक देत नाही, मामा. पॅरिसमध्ये अलेक्ना 69.97 वर थांबला. जमैकाच्या रोजे स्टोनानं 70.00 फेकून सुवर्ण नेलं. 2025 ला टोकियोत, पावसात, जगज्जेता झाला तो स्वीडनचा डॅनियल स्टॉल. आपल्या नीरज चोप्राचंच बघ. टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण 87.58 मीटरला मिळालं, आणि मे 2025 मध्ये दोह्यात 90.23 भाला फेकूनही तो दुसरा आला.

मी: पदक देत नसेल, पण पदकाच्या मैदानाचं दार तर उघडून देतो. माझा प्रश्न दाराचा आहे.

भाची: मग सरळ सांग. मीही थाळीच फेकते. उद्या कुणी मला रमोनाचं तिकीट दिलं, तर जाऊ की नको?

मी: जा.

भाची: आणि माझ्याइतकीच ताकद असलेली, पण तिकीट नसलेली मुलगी?

मी: तू घरी बसून तिला काही मिळणार नाही. म्हणून हे ओझं तुझ्या विवेकावर टाकणं अन्याय ठरेल. ते जागतिक ॲथलेटिक्स महासंघानं उचलावं. निकष गाठायच्या फेकी बंदिस्त स्टेडियममधल्याच धराव्यात.

भाची: त्या मोठ्या स्टेडियममध्ये फेकायला बोलावतं कोण? डायमंड लीगसारख्या स्पर्धांत नाव असलेल्यांनाच जागा मिळते. माळ बंद केलास, तर तिकीट नसलेलीबरोबर नाव नसलेलीही बाहेर राहील.

मी: हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि निकषांबद्दलचं माझं म्हणणं त्यापुढं टिकत नाही. पण वाऱ्याचा आकडा फेकीशेजारी छापला गेला पाहिजे, ही मागणी मी सोडणार नाही.