पट्टीवर न दिसणारा कर

नगरजवळच्या नेप्तीच्या उपबाजारात लिलाव आटोपला की कांदेवाल्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. गोण्या किती, वजन किती, एक नंबरला काय भाव लागला, गोल्टी कितीला गेली, हमाली आणि तोलाई किती कापली, सगळे तीवर लिहिलेले असते. एप्रिलमध्ये काढून चाळीत भरलेला गावरान कांदा चार-पाच महिने सांभाळून बाजारात आणणारा माणूस ती पट्टी बारकाईने वाचतो. हमालीत दोन रुपये जास्त लागले तर विचारतो. पण 2023 च्या ऑगस्टपासून 2025 च्या मार्चअखेरपर्यंतच्या बऱ्याच काळात त्याच्या मालावर या सगळ्यांहून मोठी एक कपात बसत होती आणि ती पट्टीवर कुठेच नव्हती. तिचे नाव निर्यात शुल्क.

19 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निर्यातच बंद झाली. ती 4 मे 2024 ला उघडली, तीही 40 टक्के शुल्क आणि 550 डॉलरच्या अटीसह. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क निम्मे झाले आणि 1 एप्रिल 2025 ला संपले. कायद्याने हा कर निर्यातदार भरतो. पण आखातातल्या गिऱ्हाइकासमोर पाकिस्तानचा कांदाही असतो, त्यामुळे तिथे भाव वाढवून मागता येत नाही. मग निर्यातदार इथल्या लिलावात बोली खाली आणतो. बंदरावर किलोला 30 रुपये किंमत धरली तर 40 टक्क्यांचे 12 रुपये होतात. त्यातला मोठा भाग नेप्ती, घोडेगाव, राहाता, पारनेरच्या बाजारात कापला जातो.

आता दुसरा कर पाहू. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत प्राप्तिकर लागणार नाही, असे जाहीर झाले. पगारदार आणि पेन्शनरांसाठी ही मर्यादा 12 लाख 75 हजार. सरकारने या सवलतीपोटी सुमारे 1 लाख कोटी रुपयांवर पाणी सोडले. मध्यमवर्गाला मोठा दिलासा मिळाला, असा गाजावाजा झाला आणि ज्याचे उत्पन्न बरोबर 12 लाख आहे त्याचे वर्षाला 80 हजार रुपये खरोखरच वाचले.

नगर जिल्ह्यात असे किती जण आहेत? जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी घ्या. पेन्शन महिना 42 हजार, ठेवींचे व्याज वर्षाला 90 हजार. एकूण उत्पन्न सहा लाखांच्या आत. आदल्या वर्षीच्या नियमानेही 7 लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे गुरुजींचा कर तेव्हाही शून्य होता आणि आताही शून्यच आहे. त्यांच्या पदरात पडले ते एवढेच, की ज्येष्ठांच्या व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा 50 हजारांवरून 1 लाख झाली आणि एप्रिलमध्ये 15 एच फॉर्म घेऊन बँकेत जाण्याची घाई कमी झाली. ही सोय चांगलीच आहे. पण त्याच वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. कर्जदाराला त्याचा फायदा झाला, ठेवीदाराला फटका बसला. 12 लाखांच्या ठेवीवर एक टक्का व्याज घटले तर वर्षाचे 12 हजार गेले. या कपातीला प्राप्तिकराच्या सवलतीचे उत्तर नाही, कारण गुरुजी तो कर भरतच नव्हते. आणि जास्त व्याजाच्या ओढीने ठेव कुठे ठेवावी, याची भीती या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको. 1910 मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना 4 ऑक्टोबर 2023 ला रद्द झाला, तेव्हा पाच लाखांच्या विम्यापलीकडे ज्यांची रक्कम होती त्यात निवृत्तीची पुंजी ठेवणारेही होते.

गुरुजींची स्थिती तरी बरी म्हणायची. साखर कारखान्यात पॅनवर, मिलवर, बॉयलरवर आयुष्य घालवलेल्या माणसाची पेन्शन कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस-95 ची. तिचे सूत्र साधे आहे: पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. 2014 पर्यंत या वेतनाची मर्यादा 6500 रुपये होती. त्यामुळे त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या हाती महिन्याला हजार ते तीन हजार पडतात. महागाई भत्ता नाही. एसटीच्या, सूतगिरणीच्या, सहकारी संस्थांच्या कामगारांचीही हीच गत. 12 लाखांची मर्यादा उद्या 20 लाख केली तरी या माणसाच्या घरात एक रुपया जास्त येणार नाही.

कर मात्र तोही भरतो. तेलाच्या पिशवीत भरतो. 14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या पामतेल, सोयातेल आणि सूर्यफूल तेलावरचे एकूण आयात शुल्क 5.5 टक्क्यांवरून थेट 27.5 टक्के झाले. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. दिवाळी दीड महिन्यावर होती. कमी शुल्कात आणलेला सुमारे 30 लाख टन साठा देशात आहे, तो संपेपर्यंत भाव वाढवू नका, असे सरकारने कंपन्यांना बजावले. तरीही चकलीच्या तळणीआधी तेल महागले. कारण सांगितले गेले सोयाबीनवाल्याचे हित. मलाही ते हित हवेच आहे. पण 4892 रुपये हमीभाव असताना त्या हंगामात बाजारात सोयाबीन त्याखालीच विकले गेले. मग 30 मे 2025 ला, नव्या पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क 16.5 टक्क्यांवर उतरवले. शुल्क वाढले तेव्हा राहुरीच्या शेतकऱ्याला भाव मिळाला नाही, आणि शुल्क उतरले ते त्याने पेरणी ठरवायच्या वेळेला.

कांद्याकडे परत येतो, कारण या जिल्ह्यातले घर सर्वात जास्त तिथे फाटते. निर्यात रोखली की शहरात कांदा स्वस्त होतो, हे खरे आहे आणि स्वस्त कांद्याची गरज असणाऱ्याला मी कमी लेखत नाही. पण हिशोब मांडा. थोरला भाऊ निवृत्त होऊन नगरच्या सावेडीत राहतो, धाकटा पारनेरला शेती करतो. थोरल्याच्या घरी महिन्याला पाच किलो कांदा लागतो. किलोमागे 10 रुपये वाचले तर महिन्याचे 50, वर्षाचे 600 रुपये. धाकट्याने एका एकरात 100 क्विंटल कांदा काढला असेल तर किलोमागे तेच 10 रुपये कमी मिळाल्याने त्याचे 1 लाख रुपये गेले. थोरल्याला कर किती वाचला हे सीए कागदावर काढून देतो. धाकट्याचे लाख रुपये कुठल्याही कागदावर येत नाहीत, आणि आई-वडिलांच्या औषधांचा खर्च दोघांनी मिळून करायचा असतो. 13 मे 2024 ला नगर आणि शिर्डी मतदारसंघांत मतदान झाले तेव्हा निर्यात उघडून नऊ दिवस झाले होते. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. कांदा हे एकच कारण नव्हते, पण कांद्याला वगळून तो निकाल समजत नाही.

शुल्क ही गोष्टच वाईट, असे माझे म्हणणे नाही. हा जिल्हा शुल्कानेच उभा राहिला. 1932 मध्ये साखर उद्योग संरक्षण कायदा झाला आणि जावाच्या स्वस्त साखरेपुढे भिंत उभी राहिली. देशात तेव्हा तीसेक कारखाने होते. पाच-सहा वर्षांत ते शंभराच्या वर गेले. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांत आधीच खेळत होते, हरिगावची बेलापूर कंपनी चालू होती. संरक्षण मिळाल्यावर उसाचा पट्टा विस्तारला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी गाळप सुरू केले, त्यामागे ही सारी पार्श्वभूमी होती. त्या कायद्यातली एक गोष्ट आज आठवण्यासारखी आहे. संरक्षण 1946 पर्यंत, म्हणजे 14 वर्षे राहील, हे आधीच सांगितलेले होते. त्या भरवशावर कुणी यंत्रे मागवली, कुणी बेणे लावले. आजचे शुल्क शुक्रवारी रात्रीच्या अधिसूचनेने येते आणि चाळीत माल भरलेल्याला शनिवारी सकाळी कळते.

2025 मध्ये कपाशीचे तेच झाले. अमेरिकेने 27 ऑगस्टपासून भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले. कापड गिरण्यांना सावरायचे म्हणून आपल्या सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्टला उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. शेवगाव-पाथर्डीचा कापूस बाजारात येतो तो नेमका या काळात. वॉशिंग्टनने लावलेल्या कराचा भार शेवगावच्या वावरावर आला. त्यातच सप्टेंबरच्या अतिवृष्टीने बोंडे भिजली. 8110 रुपये हमीभाव होता, पण सरकारी खरेदीत ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. भिजलेला कापूस व्यापाऱ्याकडेच जाणार होता.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीत जी कपात झाली तिचे मात्र मनापासून स्वागत केले पाहिजे. साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आले, बहुतेक औषधे 12 वरून 5 वर, आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के कर पूर्ण गेला. ही सवलत विवरणपत्र न भरणाऱ्या घरातही पोचते. 31 जुलै 2024 पर्यंत देशात 7.28 कोटी विवरणपत्रे भरली गेली. बाकीचा देश फक्त दुकानात आणि बाजार समितीत कर भरतो.

हे आपल्याकडच्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. 1902 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदेमंडळातल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात सरकारी शिलकीवर बोट ठेवले आणि मिठावरचा कर उतरवा, असे सांगितले. 1903 च्या अर्थसंकल्पात मिठाचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा 500 वरून 1000 रुपये झाली. पगारदाराला आणि मीठभाकर खाणाऱ्याला एकाच अर्थसंकल्पात दिलासा मिळाला.

आपल्या दोन्ही खासदारांकडे वाचकांनी तेवढेच मागावे. कांदा, तेलबिया आणि कापूस यांच्यावरचे शुल्क पेरणीआधी जाहीर व्हावे आणि तो माल विकला जाईपर्यंत बदलू नये. मध्येच बदलायची वेळ आली, तर ज्याचा माल चाळीत आहे त्याला क्विंटलमागे फरक मिळावा. आणि फेब्रुवारीत पुन्हा सवलतींची चर्चा सुरू होईल तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराचे नाव आधी निघावे. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 ला महिना 1000 रुपये ठरली. 2025 च्या दिवाळीतही ती 1000 रुपयेच होती.